विमान उतरता उतरता परत वर गेलं, किंवा टेकऑफ घेताना मध्येच थांबलं, तर आपण काय करायचं

मागच्या जुलैत आईला घेऊन नागपूरहून मुंबईला येत होते, बाहेर असा पाऊस की खिडकीतून पंखाचं टोकसुद्धा धड दिसत नव्हतं. मग एकदम ढग संपले आणि खाली घाटकोपरच्या डोंगरावरची घरं दिसायला लागली, छपरांवर निळ्या ताडपत्र्या, मग कुर्ल्याकडची पत्र्यांची दाटी, आईने हात जोडून नमस्कारसुद्धा करून घेतला आणि आता चाकं टेकणारच असं वाटत असताना इंजिनं गरजली, पाठ सीटला चिकटली, विमानाचं नाक वर आणि खिडकीत परत सगळं पांढरं. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा ठसा संध्याकाळपर्यंत हातावर होता. एवढंच म्हणाली, "अगं, आपण उतरत होतो ना?"

मागच्या सीटवर कुणीतरी जोरजोरात रामरक्षा म्हणायला लागलं, एक बाई रडायला लागल्या, आणि कॉकपिटमधून सात-आठ मिनिटं एक शब्द नाही. त्या सात-आठ मिनिटांसाठी हे लिहितेय. मी गेली बारा वर्षं कामासाठी सतत विमानाने फिरतेय, त्यात तीन वेळा गो-अराउंड आणि एकदा अर्ध्यावर सोडलेला टेकऑफ अनुभवलाय, पहिल्या वेळी माझीही हालत त्या रडणाऱ्या बाईंसारखीच होती. नंतर वाचलं, ओळखीच्या एका पायलटला भरपूर प्रश्न विचारले, आणि आता घरातलं कुणी पहिल्यांदा विमानात बसणार असेल तर आधीच समोर बसवून सगळं सांगते. तेच इथे सांगतेय. अहमदाबादच्या जून २०२५च्या अपघातानंतर तर घरोघरी विमानाची धास्ती आहे आणि ती मला पूर्ण समजते, म्हणून कुणाला घाबरू नका असं मी सांगणार नाही. विमानात काय चाललंय आणि त्या वेळी आपण काय करायचं एवढं सांगते.

आधी गो-अराउंडचं

उतरायला आलेलं विमान न उतरता परत वर घेतात त्याला गो-अराउंड म्हणतात. हा आयत्या वेळी सुचलेला उपाय नसतो. प्रत्येक लँडिंगच्या आधी पायलट आपसात बोलून घेतात की उतरता आलं नाही तर किती उंचीपर्यंत चढायचं, कुठे वळायचं, आणि तो मार्ग नकाशावर छापलेला असतो. जगभरात दर १,००० लँडिंगमागे साधारण १ ते ३ गो-अराउंड होतात. मुंबईत दिवसाला ९००च्या आसपास विमानं येतात-जातात, म्हणजे साडेचारशेच्या आसपास लँडिंग, तर हा हिशोब लावला तर सरासरी रोज एखादं विमान तरी असं परत वर जात असणार. आपल्याला ते आयुष्यात एकदा-दोनदा दिसतं म्हणून भयंकर वाटतं.

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. मुंबईत रनवे दोन असले तरी ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, आणि त्या एकावर तासाला ४०हून जास्त विमानं उतरवायची-उडवायची असतात. पुढचं विमान उतरून बाजूच्या टॅक्सीवेवर वळायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागले की मागच्याला जागा नाही, एटीसी, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देणारं नियंत्रण, सांगतं गो-अराउंड. पावसाळ्यात वाऱ्याची दिशा किंवा वेग एकदम बदलतो, त्याला विंडशिअर म्हणतात, त्याचा इशारा वाजला की पायलट विचार करत बसत नाही, सरळ वर. कधी २०० फुटांवर येऊनही रनवेचे दिवे दिसत नाहीत, साध्या इन्स्ट्रुमेंट लँडिंगमध्ये साधारण तेवढ्या उंचीवर दिवे दिसलेच पाहिजेत, नाहीतर परत फिरायचं. दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यासाठी याहून कमी दिसत असताना उतरायची सोय आहे, पण तिला विमान, पायलट, रनवे तिन्ही त्या दर्जाचे लागतात. शिवाय रनवेवर पक्षी, कुत्रं, कशाचा तरी तुकडा, काहीही निघू शकतं.

आणि एक कारण आपल्याला खिडकीतून कळूच शकत नाही, ते म्हणजे विमान नीट बसलेलं नसणं. साधारण १,००० फुटांवर आल्यावर वेग, उंची, खाली येण्याचा दर, चाकं, पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेला बाहेर येणाऱ्या पट्ट्या) हे सगळं ठरलेल्या मापात असावं लागतं. नसेल तर पुढे न जाता वर जायचं असा नियम आहे. आपल्याला वाटतं, हवा छान, रनवे समोर दिसतोय, मग हा उतरवत का नाही? तर वेग थोडा जास्त असेल, उंची थोडी जास्त असेल, पायलट मान्य करतो की या वेळी जमलं नाही, परत येऊ. मला असा पायलट फार आवडतो.

हे इतकं जोर देऊन का सांगतेय, तर आपल्याकडचे दोन मोठे अपघात बघा. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या, रनवेवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं, १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशी अहवालात स्पष्ट लिहिलंय की को-पायलटने तीन वेळा गो-अराउंड करायला सांगितलं होतं, यंत्राचे इशारेही वाजत होते, तरी लँडिंग सोडलं गेलं नाही. मग ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोड, तेही दुबईहूनच, तसाच टेबलटॉप रनवे, धो धो पाऊस. एकदा उतरायचा प्रयत्न सोडून ते विमान दुसऱ्या बाजूने आलं, तेही पाठीमागून वारा असताना, टेकलं तेव्हा निम्मा रनवे संपत आला होता, गो-अराउंड करा असं को-पायलटने सांगितलं पण तो झाला नाही, २१ जण गेले त्यात दोन्ही पायलट. म्हणून माझ्या मनात हे पक्कं बसलंय की विमान परत वर गेलं त्या दिवशी चिडायचं नाही. उतरल्यावर दारात "काय हो, एवढा वेळ घालवलात" असं क्रूला सुनावणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. गो-अराउंड केला म्हणून पायलटला जाब विचारायचा नाही असं विमान कंपन्यांचंच धोरण असतं, तर मग आपण कशाला विचारायचा?

त्या दोन मिनिटांत शरीराला काय जाणवतं

हे आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते, हा माझा स्वतःचा अनुभव. उतरताना इंजिनं जवळजवळ गप्प असतात, विमान हलकं झालेलं असतं कारण बरंच इंधन जळून गेलेलं असतं, आणि अशा हलक्या विमानाला एकदम पूर्ण ताकद दिली की ते टेकऑफपेक्षाही जोरात उसळतं. आवाज मोठा, पाठीला रेटा. नाक प्रत्यक्षात साधारण १५ अंश वर जातं पण वाटतं की आपण सरळ आकाशाकडे तोंड करून बसलोय. त्याचं कारण कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत आहे, पुढे ढकललं जाणं आणि मागे कलणं यातला फरक तिला डोळ्यांच्या मदतीशिवाय नीट कळत नाही, आणि बाहेर ढग असले की डोळ्यांची मदत नाहीच. मग पायाखाली धडधड असा आवाज येतो, तो चाकं आत जाऊन दारं बंद झाल्याचा. पंखाकडून घर्रर्र असा आवाज, ते फ्लॅप आत घेतायत.

आणि मग सगळ्यात वाईट क्षण येतो, जो मला कुणीच आधी सांगितला नव्हता. ठरलेल्या उंचीवर पोचल्यावर पायलट इंजिनाची ताकद एकदम कमी करतो आणि नाक खाली आणून विमान सपाट करतो. आवाज गेला, रेटा गेला, पोटात खड्डा. शंभर टक्के वाटतं की इंजिन बंद पडलं आणि आपण खाली चाललोय. तसं काही नसतं, विमान फक्त चढायचं थांबलेलं असतं. माझ्या पहिल्या गो-अराउंडला मी इथेच किंचाळले होते. आईच्या वेळी मी आधीच सांगितलं, "आता आवाज एकदम कमी होईल आणि पोटात गोळा येईल, तो आला की समज वर पोचलो," आणि तो गोळा आला तेव्हा आईने मान हलवली, हो, आला म्हणून.

आता करायचं काय. बेल्ट कमरेवर खाली, हाडांवर घट्ट ओढायचा, पोटावर सैल नको. पाय जमिनीवर टेकवायचे, डोकं सीटला मागे टेकवायचं आणि मान इकडेतिकडे वळवायची नाही, अशा वेळी मान फिरवली की गरगरणं वाढतं. मळमळ होणाऱ्यांनी समोरच्या खिशातली कागदी पिशवी आधीच काढून मांडीवर ठेवायची. कान दडपले तर आवंढा गिळायचा, लिमलेटची गोळी चघळायची. लहान बाळ मांडीवर असेल तर क्रू वेगळा छोटा बेल्ट देतात, जो आपल्या बेल्टमध्ये ओवून बाळाला लावतात, पण बाळ रडतंय म्हणून बऱ्याच आया लँडिंगच्या आधी तो काढून टाकतात, ते अजिबात करू नका, चाकं टेकून विमान हळू होईपर्यंत राहू दे. आणि उठायचं नाही. बॅग काढायला नाही, बाथरूमला नाही, क्रूला काय झालं विचारायला तर अजिबात नाही, कारण त्यांनाही त्या क्षणी आपल्याइतकंच माहीत असतं आणि त्याही बेल्ट लावून बसलेल्या असतात.

फोन. विमान खाली आलेलं असतं त्यामुळे नेटवर्क मिळतंय का बघायचा मोह होतो. करू नका. अर्धवट नेटवर्कमध्ये "विमान उतरत नाहीये" एवढाच मेसेज घरी जातो आणि पुढचा अर्धा तास घरचे लोक जे सहन करतात ते मी माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलंय.

पायलट का बोलत नाही

लोकांना सगळ्यात जास्त या शांततेची भीती वाटते. एक पायलट विमान चालवतोय, दुसरा चाकं, फ्लॅप, रेडिओ, चेकलिस्ट बघतोय, एटीसी नवीन उंची आणि नवीन दिशा देतंय, कॉम्प्युटरमध्ये परत येण्याचा मार्ग घालायचाय, इंधनाचा हिशोब करायचाय. त्यांना शिकवलेला क्रमच असा आहे की आधी विमान उडवा, मग कुठे जायचं ते बघा, मग बोला, आणि त्या बोलण्यातही आधी एटीसी आणि शेवटी आपण. पाच ते दहा मिनिटं अनाउन्समेंट आली नाही तर ते काम करतायत एवढंच समजायचं. त्या दिवशी आमच्या पायलटने आठव्या मिनिटाला अगदी शांत आवाजात सांगितलं की पुढचं विमान रनवेवर होतं म्हणून आपण परत फिरलो, वीस मिनिटांत उतरू. तोवर आम्ही पार्ले, जुहू ओलांडून समुद्रावर वळण घेऊन परत आलो होतो. आणि उतरलो. त्या घोषणेनंतर मागची रामरक्षा थांबली.

घड्याळ बघत बसायची माझी सवय आहे आणि ती उपयोगी पडते. वर जायला लागलं की वेळ बघा आणि स्वतःला सांगा की दहा मिनिटं मी काही विचारणार नाही.

दुसऱ्यांदाही नाही उतरलं तर

हवामानामुळे दोनदा जमलं नाही की साधारणपणे दुसऱ्या विमानतळावर नेतात. मुंबईची विमानं अहमदाबादला, गोव्याला, हैदराबादला, कधी नागपूरला जातात. इंधन संपेल का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. निघतानाच हिशोब असा असतो की ठरलेल्या ठिकाणी पोचायचं इंधन, वर थोडं जास्तीचं, मग उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याच्याही वर शेवटचं ३० मिनिटं घिरट्या घालण्याइतकं, ज्याला हात लावायची वेळ येऊच नये असं नियोजन असतं. म्हणून कधी कधी मुंबईच्या डोक्यावर येऊन, पाऊस थांबतोय असं दिसत असतानाही पायलट निघून जातो. त्याचा पर्यायी विमानतळापर्यंतचा कोटा तिथे सुरू झालेला असतो.

डायव्हर्ट झाल्यावरचा अनुभव मात्र खरंच त्रासाचा असू शकतो. एकदा आम्ही असेच दुसऱ्या शहरात उतरलो आणि विमानातच तीन तास बसून होतो. माझ्या शेजारी सत्तरीतले एक काका, डायबेटिस, इन्सुलिनची पिशवी चेक-इन बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात. त्यात बराच वेळ पोटात काही नाही म्हणून साखर खाली गेली, हात थरथरायला लागले. क्रूकडे तेव्हा विकायचे कपातले पोहे संपलेले होते. माझ्या पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडू होते ते दिले, ज्यूसचा एक डबा पुढच्या कुणीतरी दिला, आणि अर्ध्या तासाने ते माणसात आले. त्या कंपनीने त्या दिवशी जे केलं नाही त्याचा मला अजून राग आहे, मी तक्रारही केली. पण तेव्हापासून माझा नियम पक्का आहे की औषधं, निदान एका दिवसाची, आणि काहीतरी खायला हे सीटखालच्या बॅगेत. वरच्या कप्प्यातही नाही, कारण बेल्टचा दिवा लागलेला असताना वरचा कप्पा उघडता येत नाही. लाडू, चिक्की, शेंगदाणे, भडंग, काहीही चालेल. जून ते सप्टेंबर मुंबईत किंवा गोव्यात उतरणार असाल आणि बरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हे कराच.

डायव्हर्ट झालेल्या ठिकाणी "आम्हाला इथेच उतरवा, आम्ही गाडीने जातो" असा आग्रह बरेच जण धरतात. एक माणूस उतरला तर त्याची चेक-इन बॅग शोधून खाली काढावी लागते, त्यात सगळ्यांचा वेळ जातो, आणि तेवढ्यात क्रूची कामाची वेळमर्यादा संपली तर विमान तिथेच अडकतं. खरंच गरज असेल तर सुरुवातीलाच शांतपणे क्रूला सांगा, दोन तासांनी सांगू नका.

आता टेकऑफचं

माझा तो अनुभव पुण्याचा, पहाटेचं दिल्लीचं विमान, लोक अर्धे झोपेत. वेग घेतला, सीट थरथरायला लागली, आणि एकदम असं वाटलं की कुणीतरी मागून सीट धरून ठेवली. अंग पुढे, बेल्ट मांडीत रुतला, प्रचंड आवाज, आणि पलीकडच्या रांगेतल्या आजींच्या पायाशी ठेवलेला स्टीलचा डबा सुटून खडखड करत पार पुढच्या पडद्यापर्यंत गेला. विमान थांबलं. दोन सेकंद कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. मग स्पीकरवर केबिन क्रूसाठी छोटी सूचना, आणि थोड्या वेळाने प्रवाशांनी बसून राहावं अशी. रबर आणि गरम लोखंडासारखा वास यायला लागला आणि लोक घाबरले, आग लागली म्हणून. मागचा एक तरुण लॅपटॉपची बॅग घ्यायला उठलासुद्धा.

तो वास ब्रेकचा होता. इतकं जड विमान त्या वेगावरून थांबवायचं म्हणजे सगळी ताकद ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन साठते, त्या काही शे अंशांवर जातात. वेग दुप्पट असेल तर ही उष्णता चौपट, म्हणून हळू वेगातलं थांबणं किरकोळ आणि जोरातलं थांबणं मोठं काम. आणि मजा म्हणजे ब्रेकचं तापमान विमान थांबल्यावरही पुढची दहा-पंधरा मिनिटं वाढत राहतं. फार तापले तर चाकातला खास वितळणारा प्लग सुटतो आणि टायर फुटण्याऐवजी त्यातली हवा हळूहळू निघून जाते. म्हणून अग्निशमनच्या गाड्या धावत येऊन विमानाभोवती उभ्या राहतात, जवान चाकांकडे बघतात. खिडकीतून ते लाल दिवे दिसले की पोटात धस्स होतं, पण ते बहुतेक वेळा फक्त बघायला आलेले असतात.

पायलट टेकऑफ कधी सोडतो, हेही सांगते. प्रत्येक टेकऑफसाठी वजन, रनवेची लांबी, वारा, पाऊस धरून एक वेग आधीच काढलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. आपल्याकडच्या नेहमीच्या मध्यम विमानांना तो साधारण ताशी २४० ते २८० किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगापर्यंत थांबायचं ठरवलं तर उरलेल्या रनवेवर थांबता येतं. तो ओलांडला की, इंजिन बंद पडलं तरी उडायचं, कारण एका इंजिनावर विमान उडू शकतं आणि तसंच ते बनवलेलं असतं. त्यातही एअरबसमध्ये साधारण ताशी १८५ किलोमीटरच्या खाली कुठलाही इशारा आला की थांबतात, त्याच्यावर गेल्यावर मात्र आग, इंजिन निकामी होणं, विमान उडणारच नाही असं काहीतरी, एवढ्यासाठीच. साधारण दर ३,००० टेकऑफमध्ये एखादा सोडावा लागतो आणि त्यातले चारातले तीन फार वेग यायच्या आधीच सोडलेले असतात. आमच्या वेळी नंतर सांगितलं की कुठल्याशा दरवाज्याच्या सेन्सरने चुकीचा इशारा दिला होता. दरवाजा बंदच होता. पण रनवेवर पळताना तो बंद आहे की नाही हे तपासत बसायला वेळ नसतो, थांबायचं आणि मग बघायचं.

टेकऑफच्या वेळी आपण काय करायचं तर, सगळं आधीच करायचं. बेल्ट घट्ट. पायाशी काही सुटं ठेवायचं नाही, डबा, पाण्याची जड बाटली, लॅपटॉप. पिशवी समोरच्या सीटखाली पूर्ण आत ढकललेली. मांडीवर लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांना क्रू सांगतात तेव्हा कुरकुर करू नका, तोच लॅपटॉप अशा वेळी पुढच्याच्या डोक्यात बसतो. आणि माझी एक सवय, बसल्याबरोबर पुढचा आणि मागचा इमर्जन्सी दरवाजा आपल्यापासून किती रांगांवर आहे ते मोजायचं. धुरात डोळ्यांनी काही दिसत नाही, हाताने सीटा मोजत जावं लागतं.

थांबल्यावर बसून राहायचं. हे सगळ्यात अवघड. पायलट, एटीसी, बाहेरचे जवान मिळून ठरवतात की खाली उतरवायचं की बसवून ठेवायचं. घाईने दार उघडलं आणि त्या बाजूचं इंजिन अजून फिरत असेल, किंवा खाली गरम ब्रेक असतील, तर आतल्यापेक्षा बाहेर जास्त धोका. वास आला, गाड्या दिसल्या, तरी क्रू सांगेपर्यंत बेल्ट सोडायचा नाही. पण खिडकीतून ज्वाळा किंवा दाट धूर दिसला तर ओरडून क्रूला सांगायचं, कुठल्या बाजूला दिसतंय तेही सांगायचं, ही माहिती त्यांच्या खरंच कामाची असते.

आणि विमान रिकामं करा अशी सूचना आलीच तर बॅग सोडायची. पर्स, लॅपटॉप, पासपोर्टची पिशवी, सोन्याचा डबा, सगळं सोडायचं. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान आठवा, चाकं टेकल्यावर पायलटने परत वर घ्यायचा प्रयत्न केला, इंजिनाची ताकद वेळेत वाढली नाही आणि विमान रनवेवर आदळलं. आतले ३०० च्या ३०० लोक वाचले, त्यात आपले भारतीय खूप. पण त्या विमानातला व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, धुरात लोक वरच्या कप्प्यातून बॅगा काढतायत आणि क्रू ओरडतायत. थोड्याच मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवणारा एक जवान गेला. उलट २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या छोट्या विमानावर आदळून पेटलं, ते पूर्ण जळून खाक झालं, आणि त्यातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले. लोकांनी सामान सोडलं हे त्यातलं मोठं कारण होतं. दाराबाहेर फुगणाऱ्या घसरगुंडीवर जाताना दाराशी खाली बसायचं नसतं, थांबायचं नाही, उंच टाचांच्या चपला काढून हात छातीशी घेऊन उडी मारायची आणि खाली पोचलं की विमानापासून लांब, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चालत राहायचं. व्हिडिओ नको. साडी नेसलेल्या आईला मी आधीच सांगून ठेवलंय की तशी वेळ आली तर पदर कमरेला खोचायचा.

नंतरचं

ब्रेक थंड व्हायला अर्धा-एक तास सहज जातो, इंजिनिअर तपासणार, कागद भरणार, कधी तेच विमान परत जातं, कधी दुसरं आणतात. आम्हाला पुण्यात पन्नास मिनिटं कुणी काही सांगितलं नाही आणि तिथे मात्र मी बोलले, कारण कारण न सांगता माणसांना बसवून ठेवणं चुकीचंच आहे. शांतपणे पण ठामपणे विचारायचं, किती वेळ, पाणी मिळेल का, दुसरं विमान आहे का. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांप्रमाणे ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला तर खाणं-पाणी द्यावं लागतं, ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण पैसे परत घेण्याचा पर्याय द्यावा लागतो. पाऊस, धुकं, एटीसी यामुळे झालेल्या उशिराची नुकसानभरपाई मात्र मागता येत नाही, त्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. बोर्डिंग पास, मेसेज, खाण्याची बिलं जपून ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, उत्तर नाही आलं तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. माझ्या इन्सुलिनवाल्या तक्रारीला तिथून उत्तर आलं, उशिरा पण आलं.

पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन वेगवेगळी तिकिटं काढू नका, एकाच बुकिंगवर काढा, मग पहिलं चुकल्यावर पुढची व्यवस्था त्यांच्याकडे जाते. पावसाळ्यात मुंबईत मी दोन विमानांत निदान चार तास ठेवते.

अशा अनुभवानंतर काहींना त्याच विमानात परत बसवत नाही, छाती धडधडते, हात गार पडतात. तसं झालं तर क्रूला सांगा, लाजू नका. आईच्या शेजारी त्या दिवशी क्रूमधली एक मुलगी उतरल्यावर येऊन उकिडवी बसली, पाणी दिलं, काय झालं होतं ते हिंदीत नीट सांगितलं, तेवढ्याने आईचा चेहरा बदलला. मुलांना खोटं सांगू नका की काही झालंच नाही, त्यांनी सगळं अनुभवलेलं असतं. पुढे गाडी होती म्हणून ड्रायव्हर काकांनी एक फेरी मारली, असं माझ्या भाचीला सांगितलं तर तिला लगेच पटलं.

आणि निघायच्या आधी घरच्यांना एक वाक्य सांगून ठेवा, जे आता मी दर वेळी सांगते. हल्ली सगळे फोनवर विमान कुठे पोचलं ते बघत बसतात, त्यात आपलं विमान रनवेपर्यंत येऊन परत समुद्रावर गेलेलं दिसलं, गोल गोल फिरताना दिसलं, की लगेच फोनाफोनी सुरू. त्यांना सांगायचं, तसं दिसलं तर परत उतरायला येतायत असं समजा, मी पोचले की बॅगेच्या पट्ट्यापाशी उभी राहून पहिला फोन तुम्हालाच करीन.